बॅटरीशिवाय रेडिओ: दूरच्या केंद्राचा क्षीण संकेत क्रिस्टल सेटवर कसा पकडावा

क्रिस्टल सेटला बॅटरी लागत नाही. दूरच्या प्रक्षेपकाने हवेत सोडलेल्या ऊर्जेचा जो अत्यल्प अंश आपल्या एरियलवर पडतो, त्यावरच हेडफोनचा पडदा हलतो आणि आवाज उमटतो. त्यामुळे हा संच बांधताना नेहमीच्या रेडिओचा हिशेब लागू पडत नाही. तिथे संकेत क्षीण असला तर तो वाढवता येतो. इथे वाढवणारे काहीच नसते. जे आले ते वाटेत सांडू द्यायचे नाही, एवढेच आपल्या हाती असते. एरियल, अर्थ (म्हणजे जमिनीशी केलेली जोडणी), कॉईल, डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि हेडफोन या पाचही ठिकाणी ऊर्जा गळू शकते. नवख्या माणसाचा संच मुका राहतो तेव्हा बहुतेक वेळा जोडणी बरोबर असते, पण यांपैकी दोन-तीन ठिकाणची गळती एकत्र आलेली असते.

हा लेख मध्यम लहरींच्या, म्हणजे मीडियम वेव्हच्या संचाबद्दल आहे. एफएम केंद्रांसाठी ही रचना उपयोगाची नाही. क्रिस्टल सेट ज्या ध्वनिसंकेताला सहज वेगळा काढतो तो लहरींच्या उंचीत भरलेला असतो, आणि मीडियम वेव्हवर तसेच प्रक्षेपण होते. भारतात हा पट्टा साधारण ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा असून केंद्रांमधील अंतर ९ किलोहर्ट्झचे ठेवलेले आहे. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर आणि पुणे केंद्र ७९२ वर, हे आकडे जुन्या श्रोत्यांना तोंडपाठ असतात. मात्र अलीकडे आकाशवाणीचा भर एफएमकडे वळला आहे. तेव्हा काहीही विकत घेण्याआधी घरातला साधा ट्रान्झिस्टर दुपारी मीडियम वेव्हवर फिरवून पाहावा आणि कोणती केंद्रे किती स्पष्ट लागतात हे लिहून ठेवावे. दुपारी साध्या रेडिओवरही एकही केंद्र धड लागत नसेल, तर क्रिस्टल सेटची पहिली परीक्षा रात्री घ्यावी लागेल. त्याचे कारण पुढे येईल.

किती ऊर्जा मिळणार, याचा अंदाज

थोडे गणित आधी केले तर पुढची मेहनत कुठे घालायची ते कळते. उभ्या मनोऱ्यावरून प्रक्षेपण करणाऱ्या केंद्रासाठी एक ढोबळ सूत्र आहे: किलोवॅटमधील शक्तीच्या वर्गमूळाला ३०० ने गुणावे आणि किलोमीटरमधील अंतराने भागावे, म्हणजे विद्युतक्षेत्र दर मीटरला किती मिलिव्होल्ट आहे ते मिळते. १०० किलोवॅटच्या केंद्रापासून ३० किलोमीटरवर हे उत्तर १०० येते. एरियलची परिणामी उंची, म्हणजे लहर पकडण्यात प्रत्यक्ष उपयोगी पडणारी उंची, ५ मीटर धरली, तर त्याच्यावर अर्धा व्होल्ट दाब निर्माण होतो. क्रिस्टल सेटसाठी ही चैन आहे. त्याच केंद्रापासून १५० किलोमीटरवर क्षेत्र २० मिलिव्होल्टवर येते, आणि हे सूत्र जमिनीतली घट धरत नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही बरेच कमी मिळते. खडकाळ, कोरड्या पठारावर ही घट जास्त असते. समुद्रावरून येणारी लहर मात्र फारच कमी थकते, म्हणून कोकणपट्टीत किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना दूरची किनारी केंद्रे तुलनेने सोपी जातात.

मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले तेव्हा त्याचा प्रक्षेपक अवघा दीड किलोवॅटचा होता. वरील सूत्राने पाहिले तर त्याच्यापासून १५ किलोमीटरवर जे क्षेत्र मिळत असे, साधारण तेवढेच आज १०० किलोवॅटच्या केंद्रापासून सव्वाशे किलोमीटरवर मिळायला हवे. शंभर वर्षांपूर्वीचे श्रोते जी काळजी घेऊन एरियल उभारत, ती आपण घेतली तर आपला पल्ला त्यांच्याहून मोठा असू शकतो. घेतली तर.

आता दुसरा मुद्दा, जो या सगळ्या खटाटोपाचे मूळ आहे. डायोडवर येणारा दाब काही दशक मिलिव्होल्टच्या खाली गेला, की तो वर्गाच्या नियमाने वागू लागतो. येणारा दाब अर्धा झाला तर बाहेर पडणारा ध्वनिदाब अर्धा न होता एक चतुर्थांश होतो. याचा आनंदाचा भाग असा की एरियल सुधारून येणारा दाब दुप्पट केला, तर हेडफोनवरचा दाब चौपट होतो, म्हणजेच ध्वनीची शक्ती सोळापट. म्हणून क्षीण केंद्राच्या बाबतीत डायोड बदलत बसण्यापेक्षा एरियल दोन मीटर उंच नेणे जवळजवळ नेहमीच अधिक फळ देते.

एरियल आणि अर्थ

पंधरा ते वीस मीटर लांबीची तार, जमिनीपासून सहा ते आठ मीटर उंचीवर, शक्य तितकी मोकळी, हे पहिल्या संचाचे एरियल. घराच्या वायरिंगची एक चौरस मिलिमीटरची साधी वायर चालते. तिच्यावरचे प्लास्टिक सोलण्याची गरज नाही, कारण रेडिओलहरींना त्याचा अडथळा होत नाही. दोन्ही टोकांना चिनीमातीचे अंडाकृती इन्सुलेटर बांधावेत. ते न मिळाल्यास पीव्हीसी पाइपचा एक वीतभर तुकडा, दोन्ही टोकांना भोके पाडून, तेच काम करतो. त्यापुढे नायलॉनची दोरी. संचाकडे येणारी तार त्याच वायरची, सांधा न घालता खाली आणावी; सांधा घालावाच लागला तर तो सोल्डर करावा, कारण नुसती पिळलेली तार एका पावसाळ्यात हिरवी पडते. ही उतरती तार भिंतीला चिकटवू नये. भिंतीपासून हातभर दूर ठेवावी, नाहीतर मिळवलेली ऊर्जा ओल्या भिंतीतच मुरते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण खरी आहे. सिमेंटमधल्या सळ्या लहरी अडवतात, त्यामुळे खोलीच्या आत ताणलेल्या तारेवर फारसे काही मिळत नाही. गच्चीची परवानगी मिळाली तर उत्तमच. नाहीतर वरच्या मजल्याच्या गॅलरीतून एक तार समोरच्या झाडाकडे तिरकी नेता येते का ते पाहावे. खिडकीची लोखंडी जाळी एरियल म्हणून वापरण्याची युक्ती जवळच्या जोरदार केंद्रापुरती ठीक आहे, दूरच्या केंद्रासाठी तिच्यावर विसंबू नये.

इथे दोन गोष्टी कडक शब्दांत सांगणे आवश्यक आहे. विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून एरियल कधीही नेऊ नये. एरियल तुटून पडले किंवा वीजवाहिनी त्याच्यावर पडली तरी दोन्हींचा स्पर्श होणार नाही, इतके अंतर हवे. दुसरे असे की वळवाच्या पावसाचे ढग दिसू लागताच संच सोडून द्यावा. एरियल अर्थला थेट जोडणारा एक चाकू-स्विच घराबाहेर बसवावा आणि ऐकणे संपले की तो नेहमी बंद, म्हणजे अर्थच्या बाजूला ठेवावा. ढग डोक्यावर आल्यावर तार काढायला धावणे, हा सर्वांत धोक्याचा प्रकार आहे. तारेजवळ जाण्याची वेळच येऊ नये, म्हणून स्विच आधीच त्या बाजूला असला पाहिजे.

अर्थकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. वास्तविक एरियल आणि अर्थ मिळूनच मंडल पूर्ण होते, आणि अर्थचा रोध जास्त असेल तर अर्धी ऊर्जा तिथेच उष्णतेत जाते. पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपला तार गुंडाळली की काम भागत असे. आता पाइप प्लास्टिकचे झाले आहेत, तेव्हा पाइप जमिनीपर्यंत धातूचाच आहे याची खात्री झाल्याशिवाय त्याला हात लावू नये. घराच्या सॉकेटमधील तिसऱ्या पिनला तार जोडण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये. वायरिंगमध्ये दोष असला तर हेडफोन कानाला असताना जिवाशी खेळ होतो. स्वतःची अर्थ करणे अवघड नाही. दीड मीटरचा जस्तलेपित पाइप किंवा तांब्याचा मुलामा असलेली सळई ओलसर जागी, बागेत किंवा न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ ठोकावी, आणि तिला जाड तार क्लॅम्पने घट्ट आवळावी. काळ्या मातीच्या प्रदेशात उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात आणि सळईभोवती पोकळी तयार होते. तिथे आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतावे. जांभ्या दगडाच्या जमिनीत एका सळईने भागत नाही. दोन-तीन सळया दोन-दोन मीटरवर ठोकून एकमेकींना जोडाव्यात.

कॉईल

कॉईल आणि गँग कंडेन्सर (दांडा फिरवून ज्याची धारकता कमी-जास्त करता येते असा कंडेन्सर; पुढे नुसता गँग) मिळून एक अनुनादी मंडल होते. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलकेच रेटा देत राहिले की तो मोठा झोका घेतो, तसे या मंडलाच्या वारंवारतेशी जुळणारे केंद्र त्यात उसळते आणि बाकीची दबून राहतात. हा झोका किती मोठा होईल हे मंडलात ऊर्जा किती वाया जाते यावर ठरते, म्हणून कॉईलसाठी जाड तार आणि मोठा व्यास निवडावा. पेन्सिलीवर गुंडाळलेली केसासारखी तार दिसायला सुबक असते, पण दूरच्या केंद्राला तिचा उपयोग नाही.

७५ मिलिमीटर बाह्य व्यासाचा पीव्हीसी पाइप दीड वीत लांब कापून घ्यावा. पुठ्ठ्याची नळी फुकट मिळते, पण ती पावसाळ्यात ओल शोषते आणि कॉईलचा दर्जा उतरतो. वापरायचीच असेल तर आधी तिला व्हार्निशचे दोन हात द्यावेत. तार २४ गेजची एनॅमलची तांब्याची घ्यावी. ही रेडिओच्या दुकानापेक्षा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात सहज मिळते आणि तिथे ती वजनावर देतात. ५० ग्रॅम तारेत वीस मीटरहून थोडी अधिक लांबी येते आणि आपल्या ७० वेढ्यांना सुमारे १७ मीटर लागते, म्हणून ५० ग्रॅम मागावी.

पाइपच्या एका टोकापासून दोन बोटे अंतरावर दोन बारीक भोके पाडून तारेचे टोक त्यांतून आत-बाहेर ओवावे, म्हणजे ते सुटत नाही. तारेचे दुसरे टोक दाराच्या कडीला बांधून, तार ताणून धरत, पाइप फिरवत कडीकडे चालत जावे. वेढे आपोआप घट्ट आणि एकमेकांना लागून बसतात. १०, १५, २०, ३०, ४०, ५० आणि ६० व्या वेढ्यावर टॅप, म्हणजे मधूनच क्लिप लावता येईल अशी टोके, काढायचे आहेत. टॅप काढताना तार कापू नये. तारेखाली काडेपेटीची काडी सरकवावी, तिच्याभोवती तारेचा एक छोटा फास उभा करून दोन पीळ द्यावेत आणि गुंडाळणे पुढे चालू ठेवावे. लागोपाठचे टॅप एकाच रेषेत घेऊ नयेत; प्रत्येक पुढचा थोडा बाजूला सरकवला तर क्लिपा एकमेकींना चिकटत नाहीत. सत्तर वेढे झाले की दुसऱ्या टोकालाही भोकांत तार अडकवावी. मग प्रत्येक फासाच्या टोकावरचे एनॅमल पॉलिश पेपरने घासून तांबे लख्ख दिसेपर्यंत काढावे आणि त्यावर सोल्डरचा पातळ थर चढवावा. एनॅमल पारदर्शक असल्यामुळे न घासलेली तारही तांब्यासारखीच चमकते. मल्टिमीटर लावून प्रत्येक टॅपपासून टोकापर्यंत मंडल जुळते का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला हवेचा गँग मिळाला तर तो सोडू नये. त्याचा एक भाग साधारण ५०० पिकोफॅरॅडचा असतो आणि त्याच्यासोबत पन्नास वेढे पुरतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, आणि जुन्या बाजारांतही असे गँग अधूनमधून दिसतात. खिशातल्या ट्रान्झिस्टरमधला प्लास्टिकचा गँग सहज मिळतो, पण त्याची धारकता कमी असते. त्याची कडेची दोन टोके एकत्र जोडावीत, मधले टोक सामायिक ठेवावे आणि पूर्ण सत्तर वेढे वापरावेत. कोणताही गँग असो, हाताने फिरवायचा दांडा ज्या बाजूला जोडलेला असतो ती बाजू अर्थकडे ठेवावी. नाहीतर हात जवळ नेला की केंद्र सरकते आणि हात काढला की हरवते.

डायोड

या कामाला जर्मेनियम डायोडच हवा. ओए७९, १एन३४ए, १एन६० ही नावे दुकानात सांगावीत, आणि घेतलेला डायोड तिथेच मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर तपासावा. जर्मेनियम असेल तर आकडा साधारण ०.२ ते ०.३५ च्या दरम्यान येतो, ०.५५ च्या पुढे गेला तर तो सिलिकॉन आहे, दुकानदाराने पाकिटावर काहीही लिहिलेले असो. साधा सिलिकॉन डायोड, उदाहरणार्थ १एन४१४८, क्षीण संकेतापुढे जवळजवळ बंद दारासारखाच राहतो, कारण शून्य दाबाजवळ त्याचा रोध कित्येक मेगओहम असतो. जर्मेनियमचा तोच रोध काही दशक किलोओहम भरतो. सोल्डर करताना डायोडचा पाय पकडीने धरावा, म्हणजे उष्णता पकडीत जाते. जर्मेनियमला ती सोसत नाही.

डायोड मिळत नव्हते तेव्हाही ही कामगिरी होत होती. जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ साली गॅलिना या शिसे-गंधकाच्या खनिजावर आधारित शोधकासाठी अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला आणि ते २९ मार्च १९०४ रोजी मंजूर झाले. अर्धवाहक उपकरणावरचे ते जगातले अगदी सुरुवातीचे पेटंट मानले जाते. पुढे घरोघरच्या संचांत गॅलिनाचा खडा आणि त्यावर टेकवलेली बारीक तार आली, आणि संचाला क्रिस्टल सेट हे नाव त्या खड्यावरूनच पडले. खनिज हाताशी असेल तर डायोडच्या जागी तो प्रयोग जरूर करावा. पण पहिल्या संचात नको. तारेचे टोक खड्यावर नेमक्या संवेदनशील बिंदूवर टेकले आहे की नाही आणि एरियल काम करते आहे की नाही, हे दोन प्रश्न एकाच वेळी सोडवता येत नाहीत.

हेडफोन

मोबाइलचा इअरफोन थेट लावला तर काहीही ऐकू येणार नाही. त्याचा रोध १६ ते ३२ ओहम असतो, आणि डायोडच्या मागचे मंडल हजारो ओहमचा भार मागते. दोन मार्ग आहेत. जुना २००० किंवा ४००० ओहमचा चुंबकी हेडफोन मिळाला तर तो या संचाचा सर्वोत्तम सोबती. चांगला हेडफोन एका अब्जांश वॅटइतक्या शक्तीवरही आवाज देतो. दुसरा मार्ग म्हणजे स्फटिकाचा, म्हणजेच पायझो प्रकारचा इअरफोन. तो स्वस्त असतो, पण त्यातून एकदिश प्रवाह जात नाही, म्हणून त्याला समांतर ४७ किंवा १०० किलोओहमचा रोधक जोडावाच लागतो. हा रोधक विसरला की आवाज क्षणभर येऊन दबतो किंवा चिरका येतो.

यांपैकी काहीच मिळाले नाही तर मोबाइलच्या इअरफोनसाठीही तोडगा आहे. २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा लहान ट्रान्स्फॉर्मर घ्यावा, त्याची २३० ची बाजू संचाला आणि १२ ची बाजू इअरफोनला जोडावी. वेढ्यांचे गुणोत्तर साधारण १९ असल्याने ३२ ओहमचा इअरफोन संचाला जवळपास साडेअकरा हजार ओहमचा भासतो. ध्वनीसाठी हा ट्रान्स्फॉर्मर काही खास नसतो, पण जवळच्या केंद्रावर काम होते. त्याची प्लगची वायर मात्र आधी कापून टाकावी. हा ट्रान्स्फॉर्मर चुकूनही सॉकेटमध्ये जाता कामा नये.

जोडणी आणि पहिले ऐकणे

जोडणी सोपी आहे. कॉईलचे सुरुवातीचे टोक, गँगची दांड्याकडची बाजू आणि हेडफोनचे एक टोक अर्थला जोडावे. गँगची दुसरी बाजू कॉईलच्या वरच्या टोकाला, किंवा मोठा गँग असेल तर ५० व्या वेढ्याला. डायोडचे एक टोक क्लिपने कॉईलच्या टॅपवर, दुसरे हेडफोनच्या उरलेल्या टोकाला. डायोड कोणत्या दिशेने लावला याने इथे फरक पडत नाही. चुंबकी हेडफोन किंवा ट्रान्स्फॉर्मर असेल तर त्याला समांतर एक नॅनोफॅरॅडचा कंडेन्सर जोडावा. एरियलही क्लिपनेच टॅपवर लावावे. सुरुवातीला एरियल २० व्या आणि डायोड ३० व्या वेढ्यावर ठेवावा, पंखा बंद करावा आणि गँग अगदी सावकाश फिरवावा.

काहीच ऐकू आले नाही तर एरियलची क्लिप टॅपला टेकवून-काढून पाहावी. हलकीशी टिकटिक किंवा खरखर ऐकू आली तर डायोड आणि हेडफोन बरे असण्याची शक्यता मोठी आहे. त्यानंतर एक युक्ती फार कामाची आहे. साधा ट्रान्झिस्टर एखाद्या बेताच्या केंद्रावर लावून कॉईलपासून वीतभर अंतरावर ठेवावा आणि गँग फिरवावा. दोघांची वारंवारता जुळते त्या क्षणी ट्रान्झिस्टरचा आवाज स्पष्टपणे बदलतो, बहुधा वाढतो. क्रिस्टल सेट स्वतः मुका असला तरी त्याचा गँग नेमका कुठे लावला की कोणते केंद्र येईल, हे अशा रीतीने कळते आणि तबकडीवर पेन्सिलीने खुणा करता येतात. मग एरियल-अर्थकडे लक्ष द्यावे, गँगकडे नव्हे.

केंद्र लागले की खरे काम सुरू होते. डायोड पूर्ण कॉईलवर जोडला तर त्याचा रोध मंडलाला जड होतो, झोका दबतो आणि केंद्रे एकमेकांत मिसळतात. अर्ध्या वेढ्यांवरच्या टॅपला लावला तर तोच भार मंडलाला चौथ्या हिश्शाएवढा जाणवतो. एरियलचेही तसेच: जास्त वेढ्यांवर नेले की एकंदर गोंगाट वाढतो, कमी वेढ्यांवर आणले की आवाज थोडा उतरतो पण केंद्र सुटे होते. अंदाज यावा म्हणून सांगतो: १००० किलोहर्ट्झवर मंडलाचा गुणवत्ता-अंक (ऊर्जा जितकी कमी वाया जाते तितका हा मोठा) २० असेल तर त्याची पट्टी ५० किलोहर्ट्झ रुंद होते, म्हणजे पाच-सहा केंद्रांची जागा एकत्र ऐकू येते, १०० असेल तर पट्टी १० किलोहर्ट्झवर येते. प्रत्येक बदलानंतर गँग पुन्हा थोडा जुळवावा लागतो, हे लक्षात ठेवावे, नाहीतर चांगला बदलही वाईट वाटतो.

कान फसवतो. आधी ऐकलेला आवाज नंतरच्या आवाजाहून मोठा होता की लहान, हे दोन मिनिटांनी सांगता येत नाही. म्हणून मल्टिमीटर २०० मायक्रोअँपिअर एकदिश प्रवाहाच्या खुणेवर ठेवून हेडफोनच्या जागी लावावा आणि आकडा पाहून टॅप ठरवावेत. जवळच्या केंद्रावर दशक मायक्रोअँपिअर सहज दिसतात. पायझो इअरफोनवाल्यांनीही हीच पद्धत वापरावी. क्षीण केंद्रावर आकडा शून्याजवळच राहतो, पण जोरदार केंद्रावर जो टॅप सर्वांत जास्त आकडा देतो त्याच्या थोडा खालचा टॅप क्षीण केंद्राची सुरुवात म्हणून चांगला ठरतो.

दूरचे केंद्र

दिवसा वातावरणाचा आयनीभूत थर, ज्याला डी थर म्हणतात, मीडियम वेव्ह लहरी शोषून घेतो आणि फक्त जमिनीलगत येणारी लहर आपल्यापर्यंत पोहोचते. सूर्य मावळला की हा थर विरतो, लहरी त्याच्या वरच्या थरांवरून परत येतात, आणि शेकडो किलोमीटर दूरची केंद्रे ऐकू येऊ लागतात. त्यामुळे दिवसा चाचण्या आणि रात्री शोध, अशी विभागणी ठेवावी. रात्रीचा आवाज स्थिर नसतो. तो काही सेकंदांत किंवा मिनिटांत चढतो, उतरतो, कधी पूर्ण बुडतो. क्षीण केंद्र दिसेनासे झाले म्हणून लगेच गँग हलवू नये. दोन-तीन मिनिटे तिथेच थांबावे.

रात्रीच्या शोधात सर्वांत मोठा अडसर असतो तो जवळच्या जोरदार केंद्राचा. ते साऱ्या तबकडीवर पसरते आणि खालचे सगळे झाकून टाकते. उपाय म्हणजे लहर-सापळा. पहिल्यासारखीच दुसरी कॉईल आणि दुसरा गँग समांतर जोडून ते मंडल एरियल आणि संच यांच्या मध्ये एकसरीत घालावे. संच नको असलेल्या केंद्रावर लावून सापळ्याचा गँग फिरवावा. एका जागी ते केंद्र झपकन पडते. गँग तिथेच ठेवून मग संचाने दूरचे केंद्र शोधावे. दोन्ही कॉईल निदान हातभर अंतरावर आणि एकमेकींना काटकोनात ठेवाव्यात, नाहीतर सापळ्यात अडवलेले केंद्र चुंबकी मार्गाने पुन्हा संचात शिरते.

सापळ्यानेही भागले नाही तर एरियलचे मंडल आणि डायोडचे मंडल वेगळे करावे. दोन कॉईल, दोन गँग; पहिल्याला एरियल आणि अर्थ, दुसऱ्याला डायोड आणि हेडफोन; दोन्हींमध्ये तारेची जोडणी नाही, फक्त कॉईल एकाच अक्षावर समोरासमोर. अंतर सुरुवातीला एक बोट ठेवून केंद्र पकडावे, मग दुसरी कॉईल हळूहळू दूर सरकवत दोन्ही गँग पुन्हा जुळवावेत. दहा ते पंधरा सेंटिमीटरच्या आसपास अशी एक जागा येते की आवाज फारसा न उतरता शेजारची केंद्रे गळून पडतात. नवख्याने या रचनेला पहिल्या महिन्यात हात घालू नये असे माझे मत आहे, कारण दोन गँग एकाच वेळी जुळवताना क्षीण केंद्र सहज हुकते. पण एका कॉईलचा संच हातात बसला की दूरच्या केंद्रांसाठी हाच खरा मार्ग आहे.

ऐकू आलेले केंद्र कोणते, हे ओळखणेही शिकावे लागते. शब्द कळत नसतील तेव्हा शेजारी ट्रान्झिस्टर अगदी हळू लावून तोच कार्यक्रम कुठे मिळतो ते शोधावे आणि तिथली वारंवारता वाचावी. तासाच्या ठोक्याला उद्घोषणा होते, तेव्हा घड्याळात तास भरायला आला की आवडते केंद्र सोडून अनोळखी आवाजावर जाऊन बसावे. वहीत तारीख, वेळ, गँगची खूण, एरियलचा आणि डायोडचा टॅप, आणि ऐकू आलेली भाषा एवढे लिहावे. पुढच्या रात्री त्याच वेळी, त्याच खुणेवर, त्याच टॅपवर पुन्हा शोध घेतला आणि तेच केंद्र पुन्हा आले, तरच ते आपल्या यादीत धरावे.